उंडे कुणाच्या हातचे

माझ्या धाकट्या जावेचा मला हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला उगाच चांगली समजणार नाही. ती दिसायला माझ्याहून उजवी आहे, त्याचं मला काही नाही. नांदेडला तिचा मोठा फ्लॅट आहे, त्याचंही नाही. पहिल्या दिवाळीला सासूबाईंनी तिला माझ्यापेक्षा भारी साडी घेतली होती, ते अजून थोडं सलतं. पण माझ्या पोटात खरं दुखायला लागलं ते तिच्या हातमोज्यांमुळे.

हातमोजे म्हणजे थंडीतले लोकरीचे नव्हेत. खोक्यातून एकेक ओढून काढायचे, घालायचे आणि काम झालं की फेकून द्यायचे, ते पातळ, निळसर मोजे. करोनाच्या दिवसांत लातुरात ते दवाखान्यातून निघून रस्त्यावर आले. करोना ओसरला, तोंडावरचे मास्क गेले, मोजे मात्र काही ठिकाणी राहिले. आमच्या चौकातल्या पाणीपुरीवाल्याच्या उजव्या हातात अजून तो असतो. त्या मोज्यानेच तो नोटा घेतो, सुटे पैसे देतो, कपाळावरचा घाम पुसतो, खांद्यावरचं फडकं झटकतो आणि मग अंगठ्याने पुरी फोडतो. गल्लीतल्या बायका मला सांगतात, "त्याच्याकडंच खात जा, लई स्वच्छ हाय तो." शेजारचा म्हातारा भेळवाला दर गिऱ्हाइकामागे तांब्याने हात धुतो, त्याच्याकडे कुणी बघतही नाही. मला त्या पाणीपुरीवाल्याचा राग येतो. आता विचार केला तर कळतं की तो राग त्याच्यावरचा नव्हताच.

माझी जाऊ नांदेडला घरच्या घरी केकचे क्लास घेते. त्याचे व्हिडिओ काढते आणि मोबाईलवर टाकते. व्हिडिओत तिचं तोंड कमी आणि हात जास्त दिसतात. मोजे घातलेले ते हात क्रीम फेटतात, डाळिंबाचे दाणे पसरतात, टकटक करून अंडं फोडतात. खाली लोक लिहितात, किती हायजिनिक, किती नीटनेटकं. मी तीस वर्षं या घरात भाकरी थापतेय, माझ्या हाताखाली कुणी काही लिहिलं नाही. रात्री अंथरुणावर पडून मी ते व्हिडिओ बघायचे. आमचे हे विचारायचे, "काय शिकून राहिलीस?" मी म्हणायचे, "काही न्हाई," आणि पुढचा लावायचे.

आता उंड्यांचं सांगते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडे येळवस असते. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं आणि ज्याला शेत आहे तो शेतात जातो, नाही तो दुसऱ्याच्या शेतात जेवायला जातो. आमचं शेत औशाच्या रस्त्याला आहे. तिथे कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपटी, उभी करायची, आत चुन्याने रंगवलेले दगड मांडायचे, त्यांची पूजा करायची. मग भज्जी, आंबिल आणि उंडे. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे, थंडीतल्या सगळ्या शेंगा आणि भाज्या एकत्र शिजवून बेसन लावलेली दाट भाजी. उंडा म्हणजे बाजरीच्या पिठाचा वाफवलेला गोळा. बाकीच्या घरांत सगळं घरून करून नेतात. आमच्या घरात भज्जी आणि आंबिल घरून जातं, पण उंडे शेतातच करायचे, पूजेच्या आधी, कोपीसमोरच्या चुलीवर. आणि ते घरातल्या एकाच बाईने करायचे. गोळा वळून झाला की तीन बोटं दाबून त्यात खळगा करायचा, म्हणजे त्यात भज्जी थांबते. आलेला प्रत्येक माणूस उंडा हातात घेतला की विचारतो, कुणाच्या हातचे? तो मान आमच्या सासूबाईंचा.

मागच्या पावसाळ्यात सासूबाईंच्या नखांना बुरशी झाली. नखं पिवळी पडली, बाजूने सुजली. डॉक्टरांनी औषध दिलं आणि हात पाण्यात, पिठात घालायचा नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून त्यांच्या वाटची भाकरीही माझ्याकडे आली, पुरण माझ्याकडे आलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट घेऊन, हात मांडीवर ठेवून बसायच्या आणि माझं पीठ सैल झालं की जिभेने च्चक करायच्या. दिवाळीच्या आत नखं स्वच्छ झाली. डॉक्टरांनी औषधही थांबवलं. पण तोवर घराला सवय झाली होती. त्या पिठाकडे सरकल्या की आमच्यातलं कुणीतरी म्हणायचंच, "राहू द्या आत्याबाई, बसा तुम्ही."

यंदा उंडे आपल्याकडे येणार, हे मी धरूनच चालले होते. त्यात विचारायचं काय? मी थोरली. सासूबाईंची तीन बोटं किती खोल जातात हे मला पाठ होतं. मी घरी गुपचूप करूनही बघितलं होतं आणि जमलेले उंडे कुस्करून गाईला घातले होते, म्हणजे कुणाला कळू नये.

येळवशीच्या आधी काही दिवस धाकटी आली. तिचं माहेर अर्धापूरचं, त्यामुळे ती कधीही आली तरी केळीचा घड घेऊन येते. या वेळी घडासोबत हातमोज्यांचं खोकं होतं. तिच्या माहेरी येळवस नसते, म्हणून लग्नानंतर इतकी वर्षं ती या सणाला पाहुणीसारखी यायची, जेवायची, फोटो काढायची. या वेळी आल्या आल्या ओट्यावर खोकं ठेवून म्हणाली, "अक्का, यंदा मी पण कामाला हाय बरं का. सांगा, काय करू?"

मी म्हटलं, "बस जरा. प्रवासातून आलीस." मनात म्हटलं, तू काही करू नकोस, तेवढं कर.

संध्याकाळी चहा घेताना आमचे हे म्हणाले की यंदा ऑफिसातले साहेब आणि त्यांच्या घरचे येणार आहेत शेतावर. पुण्याकडची माणसं आहेत, त्यांना सगळं स्वच्छ लागतं. आणि मग बशीतला चहा फुंकत, सहज बोलल्यासारखे, म्हणाले, "उंडे धाकटीलाच करू दे. ती मोजे घालून करते. पाव्हण्यायला बी बरं वाटंल."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी काय गटारात हात घालून स्वयंपाक करते का? या माणसाने तीस वर्षं ज्या हातचं खाल्लं, त्या हाताची त्याला आत्ता किळस यायला लागली? मी सासूबाईंकडे बघितलं. शब्द टाकायचा तर त्यांनीच. त्या ओट्यावरच्या खोक्याकडे टक लावून बघत होत्या. मला वाटलं, झालं, ह्याही तिकडे गेल्या.

धाकटी म्हणाली, "अक्का करतील की, मी नुसती मदत करते." हे म्हणताना ती हसली, ते हसणं मला रात्रभर पुरलं.

त्या दिवसापासून मी तिच्या हातांवर पाळत ठेवली. मला एकच चूक पकडायची होती. मोजे घातले की माणूस निर्धास्त होतो, हे मी पाणीपुरीवाल्याकडे बघून शिकले होते. उघड्या हाताला पीठ चिकटतं, तिखट झोंबतं, तेल लागलेलं कळतं, म्हणून माणूस हात धुतो. मोज्यात काही कळतच नाही. तेव्हा ही कधी ना कधी घसरणार, एवढी खात्री होती. पहिल्याच दिवशी घसरली. कणीक मळता मळता फोन वाजला आणि तिने त्याच हाताने तो उचलला. मला इतकं बरं वाटलं! पण फोन ठेवला आणि तिने मोजे उलटे करून काढले, कचऱ्याच्या डब्यात टाकले, हात धुतले आणि नवीन घातले. गॅसचं बटण फिरवलं, बदलले. मांजराला हाकललं, बदलले. चष्मा वर सरकवला तरी बदलले. मी दारामागून बघून राहिले होते आणि माझा जळफळाट वाढत होता. कामातही चूक नाही आणि बोलण्यातही नाही, मग माणसाने जळायचं तरी कशावर?

मी काय केलं, तर हात धुवायला लागले. तिला दिसेल असे. बेसिनचा नळ मोठा सोडून, साबणाचा फेस कोपरापर्यंत आणून. दिवसात इतक्यांदा धुतले की बोटांच्या पेरांना भेगा पडल्या आणि मिरची चिरताना डोळ्यांतून पाणी आलं. धाकटीने बघितलं आणि म्हणाली, "अक्का, तुम्ही पण मोजे घालून बघा की. आग व्हायची न्हाई." आणि खोकं माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, "मला न्हाई सहन होत त्याचा वास." खोटं होतं ते. ती नसताना मी एक जोडी घालून बघितली होती आणि आरशात हात धरून बघितले होते, व्हिडिओतल्यासारखे. मला ते छान दिसले होते.

मग गच्चीवरची गोष्ट. संक्रांतीसाठी तीळ धुऊन वर वाळत घातले होते, ते हलवायला मी दुपारी गेले. टाकीच्या मागे कधी कुणी जात नाही. तिथे एक जुना टॉवेल तारेवर टाकलेला दिसला. कुणाचा म्हणून उचलला, तर त्याच्याआड हातमोजे. एका ओळीत चिमटे लावून वाळत घातलेले. बोटं खाली लोंबत होती आणि टोकांना पाणी साठलं होतं, गाईच्या सडांसारखी.

मी तिथेच टाकीला टेकले. सगळं लख्ख दिसलं मला. आमच्यासमोर दर दहा मिनिटांनी मोजे फेकायचे, वाहवा घ्यायची, आणि मागून कचऱ्याच्या डब्यातून काढून, धुऊन, वाळवून परत खोक्यात! केकच्या व्हिडिओतही हेच करत असणार. लोक हायजिनिक म्हणून लिहितात ते हेच मोजे. कांदा, मांजर, कचरा, सगळं आत-बाहेर लागलेलं. किळस यायला हवी होती मला. आला तो आनंद. इतका की तीळ हलवायचे विसरून मी खाली आले आणि धाकटीसाठी आपणहून चहा टाकला.

घरात बोलले असते तर घरातच विरलं असतं. मी ठरवलं, शेतात बोलायचं. साहेबांच्या बायकोसमोर, ह्यांच्यासमोर, सासूबाईंसमोर. येळवशीच्या सकाळी मी माझ्या पिशवीत नवा साबण टाकला, धुतलेला पांढरा पंचा टाकला. तिचा पाणउतारा झाला की सगळ्यांदेखत विहिरीवरच्या मोटारीच्या पाण्याखाली हात धुवायचे आणि पिठाला बसायचं, इथपर्यंत माझं ठरलं होतं.

शेतात ऊन छान होतं. हरभरा गुडघ्याला लागत होता. कोपीला माझी हिरवी साडी गुंडाळली होती, तेवढा मान तरी मला मिळाला होता. पाहुणे सतरंजीवर बसले. चुलीवर पाण्याचं भांडं उकळत होतं, परातीत बाजरीचं पीठ तयार होतं. धाकटी परातीपुढे बसली आणि तिने खोक्यातून मोजे ओढले. साहेबांची बायको लगेच म्हणाली, "अरे वा! शेतातसुद्धा ग्लोव्हज? कौतुक आहे हं तुमचं."

मी उभी राहिले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "त्या ग्लोव्हजचं काय कौतुक करता? फेकलेले मोजे धुऊन परत घालते ही. गच्चीवर वाळत घातलेले मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत. टाकीच्या मागं, टॉवेल झाकून."

ह्यांनी मान खाली घातली. धाकटी माझ्याकडे बघत होती, तिला खरंच काही कळत नव्हतं. "मी? अक्का, मी गच्चीवर गेलेच न्हाई आल्यापासून. आणि धुतलेले कशाला घालीन? खोकं भरलेलं हाय की." तिने खोकं उघडून दाखवलं. आत मोजे घडीवर घडी, कोरडे, दुकानातून आले तसे.

मी काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात कोपीच्या सावलीतून सासूबाई म्हणाल्या, "तिचे न्हाईत ते. माझे हायेत."

त्यांनी कमरेची पिशवी सोडली. तिच्यातून चुरगळलेले, आतून ओलसर मोजे काढले. गुडघ्यांवर हात टेकत उठल्या आणि परातीपाशी येऊन बसल्या. "डब्यात टाकलेले म्याच येचून धुतले. चोरले न्हाईत. मोजे घातले की हात चालतो म्हणून राहिलात ना समदे? मग म्या बी घालते की मोजे." एका मोज्यात त्यांनी बोटं घातली. तो फाटका होता आणि अंगठा भलत्याच ठिकाणी गेला. मनगटाशी आतलं पाणी निथळून परातीच्या कडेला पडलं. त्या पुन्हा म्हणाल्या, आता आवाज बारीक झाला होता, "मला उंडे करायचे व्हते. कुणी म्हणंचना."

त्या परातीकडे मीही बघत होते, धाकटीही बघत होती. मला कळत होतं की काहीतरी करायला पाहिजे. माझ्या पिशवीत साबण होता, पंचा होता, मोटार दहा पावलांवर होती. पण मी हलले नाही. मी अजून मनात धाकटीशी भांडत होते. मोजे तिचे नव्हते तर माझं म्हणणं खोटं पडलं, आता लोक काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात चाललं होतं.

धाकटीने आधी स्वतःचे मोजे काढले. मग सासूबाईंच्या हातातला तो ओला मोजा हळूच सोलून काढला. "आत्याबाई, मोजे कशाला? नखं कवाच बरी झाली तुमची. हात धुतले की झालं." आणि माझ्याकडे वळून, काही घडलंच नाही अशा आवाजात म्हणाली, "अक्का, साबण हाय का हो?"

मी पिशवीतून साबण काढून दिला. काय करणार होते?

तिने सासूबाईंना धरून मोटारीच्या पाइपापाशी नेलं. पाणी बारीक केलं. आणि त्यांचा एकेक हात आपल्या हातात घेऊन धुतला. तळवा, वरची बाजू, बोटांच्या बेचक्या, मग एकेक नख. घाई नाही. सासूबाईंनी डोळे मिटले होते. त्यांचे हात मी रोज बघते. मांडीवर ठेवलेले, पाटाच्या कडेला टेकलेले, जपाची माळ ओढणारे. पण असे हातात कधी घेतले नव्हते. या घरात सासूचे पाय धरायची पद्धत आहे, हात धरायची नाही. मी पंचा घेऊन उभी होते. धाकटीने तोही घेतला आणि बोटं कोरडी केली.

मग सासूबाई पिठाला बसल्या. गरम पाणी ओतलं, उलथन्याने हलवलं, हात घातला. "आहा," एवढंच म्हणाल्या. भाजलं म्हणून की बरं वाटलं म्हणून, कळलं नाही. गोळे वळले, प्रत्येकात तीन बोटं दाबली. मी अंदाज केला होता त्यापेक्षा त्यांचा खळगा खोल होता. इतके दिवस मी चुकीचा करत होते.

साहेबांच्या बायकोने दोन उंडे खाल्ले आणि विचारलं, "कुणाच्या हातचे?" ह्यांनी सांगितलं, आमच्या आईच्या. ग्लोव्हजचं कुणी काही काढलं नाही. पोट बिघडल्याचा नांदेडहून किंवा साहेबांच्या घरून कुणाचा फोनही आला नाही. धाकटी मला त्या बोलण्याबद्दल आजवर एक शब्द बोललेली नाही, आणि याचाही मला रागच येतो. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

आता गल्लीत कुणी विचारलं की हातमोजे घालून केलेलं चांगलं का बिनमोज्याचं, तर मी मोठ्या अधिकाराने सांगते की मोजा काही स्वच्छ नसतो. तो बदलणारा आणि धुणारा माणूस स्वच्छ असतो. बायका माना डोलावतात. हे मला कुणाकडे बघून कळलं, ते मी सांगत नाही.

सासूबाई आता रोज एखादी तरी भाकरी थापतात. पिठाला बसायच्या आधी नळाखाली हात धरतात आणि हाका मारतात, "धाकटे!" ती नांदेडला असते, हे विसरतात. मग मी जाते आणि त्यांचे हात धुते. बेचक्या, नखं, सगळं तसंच करते, तिने केलं तसं. त्या डोळे मिटून घेतात. साबण त्या दिवशीही माझाच होता, पण हे मी त्यांना कसं सांगू?